संत्र्याच्या मुलखात बिअरची चव

अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या वरुडकडे बिअर शॉपीत गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "स्ट्राँग देऊ का माइल्ड?" ताजी आहे का, कशाची बनली आहे, हे कोणी विचारत नाही, म्हणून कोणी सांगतही नाही. आठ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग घ्यायची, बर्फासारखी गार करायची आणि घटाघट संपवायची. मला याचं मनापासून वाईट वाटतं. एक फोड तोंडात टाकून संत्रं आंबिया बहाराचं की मृगाचं, म्हणजे वर्षातल्या दोनपैकी कोणत्या हंगामाचं, हे सांगणारी माणसं आहोत आपण. आपल्या जिभेला बिअरमधला फरक कळणार नाही, हे मी मानायला तयार नाही.

मला हा नाद पुण्यात लागला. तिथे २००९ मध्ये डूलाली सुरू झालं, जिथे बनते तिथेच प्यायची अशी बिअर मिळू लागली. पहिल्यांदा गव्हाची बिअर प्यायलो तर पिकल्या केळाचा वास, मागून लवंग. वाटलं, वरून काहीतरी घातलंय. तसं काही नव्हतं. आंबवताना त्या जातीचं यीस्टच हा वास तयार करतं.

गावी परत आलो आणि शोध सुरू झाला. एकदा मे महिन्यात नागपूरच्या एका दुकानातून आयात केलेली हिरवी बाटली आणली, नेहमीच्या तिप्पट पैसे मोजून. काचेच्या कपाटात, उन्हाच्या बाजूला ठेवलेली होती. घरी उघडली तर ओल्या पुठ्ठ्याचा वास. मग लेबल नीट वाचलं, मुदत केव्हाच संपलेली! चूक बिअर बनवणाऱ्याची नव्हती. उष्णतेने बिअर लवकर म्हातारी होते, तिचा पुठ्ठा होतो. उजेडाचं वेगळंच. हॉप्समधल्या, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांमधल्या, कडू द्रव्यांवर ऊन पडलं की कुबट, उग्र वास सुटतो. तपकिरी काच बराच बचाव करते, हिरवी फारसा करत नाही. पंचेचाळीस अंशांच्या आपल्या उन्हाळ्यात हे फार महत्त्वाचं आहे. तेव्हा आधी तारीख बघा, मग नाव. बाटली कुठे बनली तेही वाचा, कारण परदेशी नावाच्या बऱ्याच बिअर आता भारतातच बनतात. त्यात वाईट काहीच नाही, उलट ताजी मिळण्याची शक्यता जास्त. फक्त आयातीचे पैसे देऊ नका.

आमच्या शॉपीवाल्या भाऊंना मी विटबिअर, म्हणजे गव्हाचीच एक बिअर, आणायला सांगितली तेव्हा ते म्हणाले, "थे कोण पेते इथं? पडून राहीन माल." त्यांचंही बरोबर होतं. मग आम्ही पाच जणांनी मिळून चोवीस पाइंटचा अख्खा बॉक्स घ्यायचं कबूल केलं, आणि आठवड्यात बॉक्स आला.

विटबिअर बेल्जियमची. हूगार्डन गावात तिची शेवटची भट्टी १९५७ मध्ये बंद पडली होती. पिएर सेलिस नावाच्या एका दूधवाल्याने १९६६ मध्ये ती पुन्हा जिवंत केली. तिच्यात कच्चा गहू असतो, धने असतात आणि कडू संत्र्याची वाळवलेली साल. धने आणि संत्र्याची साल! आपल्याच घरातल्या वस्तू की हो.

डिसेंबरात, आंबियाची तोड चालू असताना, आम्ही त्या बाटल्या बादलीत घालून बगीच्यातल्या विहिरीत सोडल्या. विहिरीच्या पाण्याचा गारवा आम्हाला पुरला. फार गार केली की जीभ बधिर होते आणि वास मरतो. काचेच्या ग्लासात पाऊण बाटली ओतली, उरलेली हलकेच फिरवून तळाचा गाळही ओतला. गढूळ, फिक्कट पिवळी, वर पांढरा फेस. शेजारी एक संत्रं सोललं. सोलताना हातावर तेलाचा जो बारीक फवारा उडतो, तो हुंगला आणि मग ग्लास हुंगला. आपल्या सालीचा वास गोड, ग्लासातला जरा कडवट, पण नातं लगेच कळतं. आमच्यातला एक जण, जो जन्मभर स्ट्राँगच पीत आला, तो एका ग्लासावर अर्धा तास बसला. दुसरा मागितलाच नाही त्याने.

दारूने गावांत घरं उद्ध्वस्त झालेली मी पाहिली आहेत. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, ती तिथल्या लोकांनी लढून मिळवली, आणि मला त्या लढ्याचा आदर आहे. आपल्याला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यातही बंदी आहे, बाटली घेऊन हद्द ओलांडू नका. आणि पिऊन गाडीला हात लावू नका, बगीच्यातून घरी जायचं असलं तरी. नशा हवी असणाऱ्यासाठी हे लिहिलेलं नाही.

जानेवारीत स्टाउटचा बॉक्स मागवायचा विचार आहे. ती करपेपर्यंत भाजलेल्या बार्लीची, काळी, कॉफीच्या वासाची असते. चोवीस बाटल्या आहेत आणि आम्ही पाचच. वरुड, मोर्शी, काटोलकडचं कोणी वाटा उचलणार असेल तर मेसेज करा. तारीख बघूनच घेऊ.