गुलबक्षीवरच्या कमेंटला उत्तर (जरा लांबलंय)

ताई, तुमची कमेंट परवाच वाचली, उत्तराला उशीर झाला कारण मधे दोन दिवस संध्याकाळी मुद्दाम गच्चीत कुंडीपाशी जाऊन बसलो होतो. तुमचं म्हणणं दोन गोष्टींवर आहे, एक म्हणजे पोस्टमध्ये मी गुलबक्षीला बिनवासाची म्हटलं, आणि दुसरं, तुमच्या आजीच्या न्हाणीमागे वाढलेलं फूल मी परदेशी, पेरू देशाकडचं ठरवलं, वर "पेरू आम्ही खातो, तिथून फुलं आणत नाही" हा टोमणा. टोमणा आवडला, खरंच.

वासाचं तुमचं शंभर टक्के बरोबर. मी फोटो काढले सकाळी दहाला, तेव्हा फुलं मिटून लोंबत होती, त्यांना कसला वास येणार! ती उमलतात दुपारी चारच्या पुढे आणि वास सुटतो अंधार पडायला लागला की, कारण लांब सोंडेचे पतंग यायचे असतात, फुलाची नळी बघा ना केवढी लांब आहे. परवा साडेसहाला कुंडीत नाक घातलं, चांगला गोडसर वास. पोस्टमधली ती ओळ काढली.

पण माहेर मात्र अमेरिका खंडाकडचंच हो. शास्त्रीय नाव मिराबिलिस जलापा, त्यातला जलापा म्हणजे मेक्सिकोतलं शहर आणि युरोपात तिला पेरूचं आश्चर्य म्हणायचे. 'गुल' फारसी आहे म्हणून झाड इथलंच जुनं, हे तुमचं म्हणणं काही पटत नाही, नाव आपल्या तोंडात बसलं म्हणजे झाड इथलं असं नसतं, मिरची बघा, झेंडू बघा, आणि तुम्ही खाता तो पेरूसुद्धा तिकडचाच! झेंडूवाचून दसरा होतो का सांगा. तेव्हा परदेशी म्हटलं म्हणून आजीचं अंगण कुणी काढून घेत नाहीये.

उलट तुमच्या आजीसाठी एक मस्त गोष्ट आहे. १९०९ मध्ये कार्ल कॉरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने पांढऱ्या-हिरव्या ठिपक्यांच्या पानांची गुलबक्षी घेतली, तिच्या एकाच झाडाला हिरवी, पांढरी, ठिपक्यांची अशा वेगवेगळ्या फांद्या येतात. परागकण कुठलेही टाका, हिरव्या फांदीच्या बीची रोपं हिरवी आणि पांढरीच्या बीची पांढरी (ती बिचारी जगत नाहीत, हरितद्रव्यच नसतं). म्हणजे पानाचा रंग आईकडूनच येतो, बापाचं काही चालत नाही. मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमात न बसणारं हे प्रकरण आजीच्या न्हाणीच्या पाण्यावर वाढत होतं!

जाता जाता, ती मिऱ्यासारखी काळी बी लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका, विषारी असते. आणि झाड वाळलं म्हणून कुंडी रिकामी करू नका, खाली गड्डा असतो, पावसात परत फुटतो. तुमच्याकडे पिवळ्यावर गुलाबी शिंतोडेवाली असेल तर चार बिया ठेवा माझ्यासाठी, माझ्याकडे नुसती राणी कलरची आहे.