फेडरला खोकला झालाय

डीजे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एक कान हेडफोनमध्ये आणि एक हात हवेत असा माणूस येतो. तो हात उत्साहाने वर गेलेला असतो, असा सर्वसाधारण समज आहे. माझा हात चुकून फेडरला लागू नये म्हणून वर असतो. लागला की फेडर खोकतो, आणि तो खोकला मोठमोठ्या स्पीकरांतून सगळ्या हॉलला ऐकू जातो.

गाणी एकमेकांत मिसळायच्या मिक्सर नावाच्या यंत्राशी ज्यांचा संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. मिक्सरवर प्रत्येक चॅनलला, म्हणजे आत येणाऱ्या प्रत्येक गाण्याच्या वाटेला, एक उभा फेडर असतो : आवाज कमीजास्त करणारी सरकती दांडी. आणि सगळ्यांच्या पायाशी एकटाच आडवा पडलेला असतो तो क्रॉसफेडर. डावीकडे सरकवला की एक गाणं, उजवीकडे सरकवला की दुसरं, मध्ये ठेवला की दोन्ही. सरकायला जागा साधारण ४५ मिलिमीटर. माझी कला, अब्रू आणि रक्तदाब, तिघांचा मुक्काम याच ४५ मिलिमीटरांत.

आतून पाहिलं तर फेडर अगदीच गरीब. कार्बनचा एक पट्टा आणि त्यावर घासत जाणारी धातूची बारीक जीभ. जुन्या पद्धतीच्या मिक्सरमध्ये गाणं थेट या पट्ट्यावरूनच जातं. मध्ये धुळीचा कण आला की जिभेचा संपर्क क्षणभर तुटतो आणि वर खर्रर्र ऐकू येतं. आता दांडी सरकायची म्हणजे वरच्या पत्र्याला चीर हवीच, आणि ती आकाशाकडे तोंड करून. ज्या खोलीत लोक धूळ उडवणार, यंत्रातून धूर सोडणार, हातातले पेले घेऊन नेमके माझ्याच मिक्सरवर वाकणार, त्या खोलीसाठी बनवलेलं यंत्र वरून उघडं! ही रचना करणारा कधी भेटला तर नमस्कार करून एवढंच विचारीन, ‘आपण कधी नाचायला जाता का?’

नव्या मिक्सरांत यावर व्हीसीए नावाचा तोडगा आहे. गाणं पट्ट्यावरून जातच नाही. पट्ट्यावरून जातो तो फक्त किती आवाज हवा हे सांगणारा विद्युतदाब, आणि आवाज कमीजास्त करतं ते दुसरंच सर्किट. खरखर बरीच कमी होते, हे खरं. पण पट्टा तोच, जीभ तीच, धूळही तीच. म्हातारपणी तो फेडर खोकत नाही, निरोप चुकीचे देतो. आवाज मध्येच उडी मारतो. किंवा गळती सुरू होते : क्रॉसफेडर पार डावीकडे दाबून धरला तरी उजवीकडचं गाणं बारीक ऐकू येत राहतं, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांच्या टीव्हीसारखं. खरखर परवडली, निदान ती तालात असल्याचं भासवता येतं.

या छळात आमचा हातभार आहेच. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कमधल्या ग्रँड विझर्ड थिओडोर या पोराला आई आवाज कमी कर म्हणून ओरडायला आली, त्याने फिरती तबकडी हाताने धरून मागेपुढे केली, आणि त्यातून स्क्रॅच हा वाजवायचा प्रकार जन्मला असं सांगतात. आईच्या ओरडण्यातून दुसरी कुठली कला निघाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. पण तबकडी मागे ओढतानाचा आवाज लपवायचा, तर फेडर फटकन बंद करायला हवा. पुढे अंगठा टेकवून चार बोटांनी फेडर टकटकवायचा ‘क्रॅब’ आला. बिचाऱ्या कार्बनच्या पट्ट्याची यात काय चूक?

फेडर आजारी पडला की वैद्य आपोआप जमतात. पहिला वैद्य फुंकर मारतो. त्याच्या फुंकरीत हवा किती आणि थुंकी किती हे तपासायची सोय नसते. दुसरा गंज सोडवायचा स्प्रे घेऊन येतो. बिजागरीचं काम बिजागरीला करावं, फेडरला नव्हे. त्या तेलाचा थर मागे राहतो आणि पुढची धूळ त्याला आनंदाने चिकटते. तिसरा असतो गोल बटणवाला. तो हात लावत नाही, प्रवचन देतो. एकोणीसशे सत्तरच्या सुमारास डिस्कोसाठी जे बोझॅक मिक्सर आले त्यांना क्रॉसफेडर नव्हताच, नुसती गोल बटणं होती. त्या काळी माणसं सावकाश गाणी मिसळत. फेडर हे अधीर लोकांचं लक्षण. तो हे सगळं खरं सांगतो, म्हणून तर जास्त राग येतो.

खरा उपचार कंटाळवाणा आहे. वीज काढा, बटणांच्या टोप्या उपटा, स्क्रू काढा, पत्रा उचला, फेडरची वायर सोडवा, दाबाच्या हवेने धूळ उडवा, फेडरसाठीच बनवलेल्या वंगणयुक्त क्लीनरचा एक फवारा, मग दांडी मागेपुढे, मागेपुढे. नुसताच कडक क्लीनर मारला तर मूळचं वंगणही धुऊन जातं आणि फेडर कोरडा होऊन जास्तच कुरकुरतो. आणि सगळं जमलं, की तो इतका हलका सरकतो की सवयीच्या जोराने बोट लावताच गाणं पलीकडच्या टोकाला!

एवढं करून पत्रा बसवावा, तर कोणीतरी कर्व्हचं बटण फिरवलेलं असतं. ते एका टोकाला असलं की क्रॉसफेडर मिलिमीटर-दोन मिलिमीटर हलला तरी दुसरं गाणं पूर्ण जोरात धडकतं. स्क्रॅचवाल्यांना हे हवंच असतं. मी मात्र दोन हळुवार गाणी अलगद जोडायला निघालेला असतो. डाव्या-उजव्याची अदलाबदल करणारा रिव्हर्सचा खटका कित्येक मिक्सरांवर पुढच्या कडेला, बरोबर माझ्या पोटाच्या उंचीवर असतो. त्याबद्दल मी बोलणार नाही.

शेवटी मी बिनस्पर्शाचा क्रॉसफेडर बसवला. आत चुंबक आणि सेन्सर. काहीच काहीला घासत नाही, त्यामुळे खरखरायला जागाच नाही. पुढच्याच कार्यक्रमात तो मखमलीसारखा चालला. मध्यंतरात एक नेहमीचा श्रोता जवळ आला. मला वाटलं, कौतुक करणार.

‘दादा, मागच्या वेळी ते मध्येमध्ये खर्रर्र टाकत होतास, ते आज नाही का?’

‘तो इफेक्ट काढला,’ मी म्हटलं.

‘अरेरे,’ तो म्हणाला, ‘आमच्या ग्रुपला तेवढंच आवडलं होतं.’