औंढ्याची वेधशाळा आणि आपल्या बी.एस्सी.च्या प्रयोगशाळा

‘लायगो-इंडिया’ या गुरुत्वीय लहरींच्या (अवकाशातील प्रचंड घडामोडींमुळे अवकाश-काळात उठणाऱ्या सूक्ष्म तरंगांच्या) वेधशाळेला केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६मध्ये तत्त्वतः मंजुरी दिली, पुढे तिच्यासाठी हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळच्या दुधाळा शिवाराची जागा ठरली आणि एप्रिल २०२३मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. तेव्हापासून वसमत, परभणी, नांदेडकडच्या माणसांशी फोनवर बोलताना दोन विषय हटकून निघतात. पहिला विषय म्हणजे ‘आपल्या पोरांना तिथं काय मिळणार?’ हा प्रश्न आणि त्यामागोमाग येणारी स्थानिकांसाठी जागा राखून ठेवण्याची मागणी. दुसरा विषय महाविद्यालयांतील प्राध्यापकांच्या रिक्त जागांचा, म्हणजेच नेट-सेट उत्तीर्ण होऊन, पीएच.डी. मिळवूनही वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर राबणाऱ्या तरुणांचा. हे दोन्ही विषय वेगवेगळे धरून बोलले जाते, पण माझ्या मते ते एकच आहेत. वेधशाळेचा मराठवाड्याला किती उपयोग होईल, ते आपल्या बी.एस्सी.च्या वर्गांत आणि प्रयोगशाळांत ठरणार आहे.

मी जर्मनीत हॅनोव्हरला भौतिकशास्त्र शिकवतो. या शहराच्या दक्षिणेला, शेतांच्या मधोमध, ‘जिओ-६००’ नावाचे गुरुत्वीय लहरींचे उपकरण आहे. त्याच्या दोन भुजा, म्हणजे लेसरचा किरण ज्यांतून टोकाच्या आरशापर्यंत जाऊन परततो त्या नळ्या, प्रत्येकी ६०० मीटर लांबीच्या आहेत. औंढ्याच्या उपकरणाच्या भुजा ४ किलोमीटरच्या असतील. जर्मन आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांची मूळ योजना ३ किलोमीटर भुजांच्या उपकरणाची होती, परंतु जर्मनीच्या एकीकरणानंतर सरकारी पैशाची ओढाताण झाली आणि ती योजना बारगळली. त्याआधी म्युनिकजवळ गार्शिंग येथे ३० मीटरचे आणि ग्लासगोत १० मीटरचे प्रायोगिक उपकरण चालवून दोन्ही गटांचे हात तयार झालेले होते. त्या बळावर १९९५ साली त्यांनी हाती असलेल्या तुटपुंज्या रकमेत ६०० मीटरचे बांधकाम सुरू केले. लांबी कमी असल्यामुळे संवेदनक्षमता वाढवण्यासाठी त्यांना नव्या युक्त्या शोधाव्या लागल्या. आरसे काचेच्याच बारीक तंतूंवर टांगणे, बाहेर पडणारा प्रकाश आरशाने परत उपकरणात पाठवणे, प्रकाशातला पुंजीय गोंगाट (प्रकाश कणाकणाने येत असल्यामुळे होणारी चलबिचल) दाबून टाकणे, अशी जी तंत्रे या छोट्या उपकरणावर कसाला लागली, तीच पुढे अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील मोठ्या उपकरणांत बसवली गेली. तिथल्या लेसरची यंत्रणाही हॅनोव्हरहूनच गेली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर नोंदली गेली, तेव्हा संगणकाच्या पडद्यावर तो संकेत सर्वांत आधी पाहणारा मार्को ड्रागो हा हॅनोव्हरच्या माक्स प्लांक संस्थेतला तरुण पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचा संशोधक होता.

हा इतिहास सविस्तर सांगण्याचे कारण असे की गावाकडच्या चर्चेत मोठे उपकरण आले की मोठी माणसे आपोआप तयार होतील, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात लहान उपकरणांवर आधी माणसे तयार झाली आणि त्यांच्या हातून मोठी उपकरणे उभी राहिली. अमेरिकेतल्या वेधशाळेची निर्वात नळी १.२ मीटर व्यासाची आणि अवघ्या ३ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलची आहे. अशी नळी किलोमीटरच्या किलोमीटर जोडत न्यायची, तिच्यातली हवा काढून टाकायची आणि सूक्ष्म गळती शोधून बुजवायची, हे वर्षानुवर्षे हाताने काम केल्याशिवाय येत नाही. आरशांमधील अंतरात प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा फरक पडला तरी तो टिपायचा असतो. ज्याने पदवीच्या तीन वर्षांत एकदाही स्वतः लेसरचा किरण आरशावरून फिरवून व्यतिकरणाचे (दोन किरण एकमेकांत मिसळून उमटणारे) पट्टे मिळवलेले नाहीत, त्याला राखीव जागा देऊन तिथे बसवले तरी त्याच्या वाट्याला फाटकावरची नोकरीच येईल.

आपल्याकडे प्रात्यक्षिकांची स्थिती काय आहे, हे मराठवाड्यात बी.एस्सी. केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. मी ज्या महाविद्यालयात शिकलो, तिथे एका उपकरणाभोवती पंधरा-वीस मुले उभी राहत. दोघे वाचने घेत आणि बाकीचे ती उतरवून घेत. जर्नल मात्र प्रत्येकाचे पूर्ण असे, कारण गुण जर्नलला होते. त्यात शिक्षकांचा दोष मी मानत नाही. जो शिक्षक शिकवलेल्या तासापुरत्या मानधनावर आहे, ज्याला सुट्टीत काही मिळत नाही आणि पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने बिघडलेला वर्णपटमापक दुरुस्त करण्यासाठी दुपार का घालवावी? प्रयोगशाळा जिवंत ठेवणे हे तासाच्या हिशेबात न बसणारे काम आहे आणि म्हणूनच तासिका तत्त्वावर चालणाऱ्या विभागात सर्वांत आधी प्रयोगशाळा मरते. गणिताचा किंवा इतिहासाचा तास फळा-खडूवर कसाबसा निभावतो, भौतिकशास्त्राचे आणि रसायनशास्त्राचे तसे होत नाही.

यावर गावाकडचे काही जाणकार मला एक युक्तिवाद ऐकवतात: तुमच्या जर्मनीतही प्राध्यापक कंत्राटीच असतात, मग इथे कायम जागांचा हट्ट कशाला? या युक्तिवादात तथ्याचा एक अंश आहे. जर्मनीत २००७च्या कायद्यानुसार विद्यापीठातील संशोधकांना पीएच.डी.पूर्वी सहा आणि नंतर सहा वर्षे मुदतीच्या करारावर ठेवता येते, आणि या अस्थिरतेने कंटाळलेल्या हजारो संशोधकांनी २०२१मध्ये ‘इश बिन हाना’ या घोषणेखाली समाजमाध्यमांवर मोठी मोहीम चालवली. ती तक्रार खरी आहे आणि माझ्या अनेक सहकाऱ्यांची उमेदीची वर्षे त्या अनिश्चिततेत गेली आहेत. परंतु इथल्या मुदतीच्या करारातल्या माणसाला ठरलेल्या वेतनश्रेणीत दरमहा पगार मिळतो, आरोग्य विमा आणि भरपगारी रजा मिळते, आणि सकाळी तो चालू स्थितीतल्या प्रयोगशाळेत शिरतो. तासाला मोजून दिलेल्या मानधनाशी, तेही महिनोन्महिने थकणाऱ्या मानधनाशी, त्याची बरोबरी करणे हा तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर सरळसरळ अन्याय आहे. जर्मनीकडून घ्यायच्या गोष्टींत करारांचा हा कायदा तर मुळीच नसावा.

घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे आणि तिला फारसा पैसाही लागत नाही. इथे भौतिकशास्त्राच्या आणि गणिताच्या प्रत्येक मुख्य विषयाला दर आठवड्याला एक स्वाध्याय असतो. विद्यार्थ्याने तो स्वतः सोडवून द्यायचा, वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी तो तासाच्या मोबदल्यावर तपासायचा आणि लहान गटात बसून चुका समजावून सांगायच्या, अशी पद्धत आहे. बऱ्याच विषयांत स्वाध्यायांतले निम्मे गुण मिळवल्याखेरीज परीक्षेला बसता येत नाही. इथल्या व्याख्यानांपेक्षा या स्वाध्यायांनीच मुले घडतात, असे मी शिकवण्याच्या अनुभवावरून सांगतो. आपल्या विद्यापीठांत ‘कमवा आणि शिका’ योजना आहे. तिच्यात मुलांना बागेची, ग्रंथालयाची, कार्यालयाची कामे दिली जातात. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना याच योजनेतून बी.एस्सी.चे स्वाध्याय तपासायला दिले, तर ज्याच्या खिशात चार पैसे पडतील त्याचाच विषयही पक्का होईल.

मराठवाड्यातल्या मुलांची मेहनतीची तयारी नाही, असे म्हणायला जागाच नाही. लातूर पॅटर्नने ते कधीच सिद्ध केले आहे. पहाटेपासून रात्रीपर्यंत भौतिकशास्त्राची शेकडो उदाहरणे सोडवणारी मुले लातूर आणि नांदेडच्या क्लासेसमध्ये आजही बसलेली आहेत. दुःख याचे आहे की ही सारी मेहनत वैद्यकीय प्रवेशाच्या दारापर्यंत येऊन थांबते आणि ज्यांना ते दार उघडत नाही त्यांच्यासाठी बी.एस्सी. हा नाइलाजाचा मुक्काम ठरतो. त्यातही आता ओढा संगणकाकडे आहे. बी.सी.ए.चे आणि बी.एस्सी. संगणकशास्त्राचे वर्ग भरतात, भौतिकशास्त्र आणि गणिताचे ओस पडतात. पालकांना मी दोष देत नाही, पण संगणक एकटाच शिकून भागेल ही समजूत मात्र खोडून काढली पाहिजे.

त्यासाठी औंढ्याचेच उदाहरण घ्यावे. गोंगाटात बुडालेला संकेत शोधण्यासाठी अपेक्षित लहरीचा गणिती नमुना आधी तयार करून तो नोंदींशी ताडून पाहावा लागतो. या पद्धतीवर पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संशोधन संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१च्या सुमारास केलेले काम पायाभूत मानले जाते. नमुना भौतिकशास्त्रातून येतो, ताडण्याची रीत गणितातून, आणि लाखो नमुने वेळेत ताडून पाहणे हे संगणकशास्त्राचे काम. पहिल्या लहरीच्या मूळ नोंदी आज कोणालाही इंटरनेटवरून विनामूल्य उतरवून घेता येतात. ३२ सेकंदांची, दर सेकंदाला ४,०९६ आकडे असलेली ही फाइल साध्या लॅपटॉपवर पायथॉनच्या आज्ञावलीने उघडते, आणि फूरियर रूपांतर (संकेतातल्या वेगवेगळ्या वारंवारिता सुट्या करण्याची गणिती रीत) नीट समजलेला तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी त्यातून सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा तो संकेत स्वतः वेगळा काढू शकतो. हिंगोलीच्या महाविद्यालयात हा प्रकल्प करायला वेधशाळा उभी राहण्याची वाट पाहण्याची गरज नाही. फक्त तिन्ही विभागांच्या शिक्षकांनी एका खोलीत बसले पाहिजे, आणि त्यासाठी त्या विभागांत शिक्षक असले पाहिजेत.

दुसराही एक विषय आपल्या दाराशी आहे. वसमत तालुक्यात पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून येणारे गूढ आवाज, २०२४च्या मार्च आणि जुलैमध्ये हिंगोली भागात बसलेले ४.५ तीव्रतेचे धक्के आणि किल्लारीची जुनी जखम यांमुळे लोक विचारतात की अशा ठिकाणी इतके नाजूक उपकरण कसे ठेवणार. प्रश्न रास्त आहे. वेधशाळेला हवी असते ती रोजची शांतता, म्हणजे रेल्वे, कारखाने, रहदारी यांची सततची थरथर नसणे. क्वचित बसणाऱ्या धक्क्याने उपकरणाचे काम काही काळ थांबते आणि ते पुन्हा जुळवावे लागते. पण लोकांना हे बाहेरून कोणी समजावण्यापेक्षा परिसरातल्या महाविद्यालयांनी स्वस्त भूकंपमापक बसवून गावागावांतल्या नोंदी विद्यार्थ्यांकडून ठेवाव्यात, त्यांचा अभ्यास करावा आणि ग्रामसभेत मांडावा. संशोधन म्हणजे हेच. आपल्याकडे मात्र पैसे भरून निबंध छापून घेण्यालाच संशोधन म्हणायची सवय पडली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८मध्ये चार हजारांहून अधिक नियतकालिके मान्य यादीतून काढली आणि २०२२च्या नियमांत पीएच.डी.पूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्तीही उठवली. ही सवय मोडायची असेल, तर शिक्षकांना असे खरे प्रश्न हाती द्यावे लागतील.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीच्या चौथ्या वर्षात संशोधन प्रकल्प येतो आहे. ज्या विभागात कायम शिक्षक नाही, तिथे त्या प्रकल्पाला मार्गदर्शक कोण मिळणार, याचे उत्तर कोणी दिल्याचे मी ऐकलेले नाही. म्हणून आमच्या लोकप्रतिनिधींनी राखीव जागांआधी दोन गोष्टी मागाव्यात. हिंगोली, परभणी, नांदेड, लातूर जिल्ह्यांतील भौतिकशास्त्र, गणित आणि संगणकशास्त्राच्या रिक्त जागा पूर्ण वेतनावर भराव्यात आणि वेधशाळा उभारणाऱ्या संस्थांनी या शिक्षकांना दर उन्हाळ्यात प्रशिक्षणासाठी बोलवावे. विद्यापीठानेही आपल्या हातातले काम करावे: संलग्नीकरणासाठी येणाऱ्या समितीने फायली उघडण्याआधी प्रयोगशाळेत जावे, एखाद्या विद्यार्थ्याला इंटरफेरोमीटर (व्यतिकरणाचे पट्टे दाखवणारे उपकरण) जुळवून दाखवायला सांगावे, आणि उपकरणच कपाटातून निघत नसेल तर त्या महाविद्यालयाच्या चौथ्या वर्षाची मान्यता रोखून धरावी.