एंट्री झाल्याशिवाय गाडी सुटत नाही

गेल्या शनिवारी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणकाच्या एका दुकानात, चार तरुण गिऱ्हाइकांच्या देखत, एका निवृत्त एसटी वाहतूक नियंत्रकाने मला माझा संगणक समजावून सांगितला. त्यांनी तो चुकीचा सांगितला असता तर मी हसून विसरलो असतो. त्यांनी तो बरोबर सांगितला, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

प्रकरण थोडक्यात असे. माझा संगणक २०१५ मध्ये जोडून घेतलेला आहे. त्यात इंटेलचा आय फाइव्ह ४४६० हा चार कोअरचा, म्हणजे चार हातांनी हिशेब करणारा, प्रोसेसर, सोळा जीबी डीडीआर थ्री रॅम आणि नंतर घातलेले जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मुलगी झोपल्यावर, मी त्यावर ‘सायबरपंक २०७७’ हा व्हिडिओ गेम खेळतो. सेकंदाला पस्तीस फ्रेम, म्हणजे पडद्यावरची चित्रे, मिळत होत्या आणि वळणावर गाडी अडखळत होती, म्हणून अठ्ठावीस हजार रुपये मोजून बारा जीबीचे आरटीएक्स ३०६० हे नवे कार्ड घेतले. घरात ‘एक जुना भाग बदलतोय’ एवढेच सांगितले. जुना पॉवर सप्लाय पुरणार नाही असे खोक्यावरच लिहिलेले होते, म्हणून तोही बदलला. एवढे सगळे झाल्यावर सेकंदाला फ्रेम मिळाल्या चाळीस. पाच फ्रेमना अठ्ठावीस हजार, म्हणजे एका फ्रेमला पाच हजार सहाशे रुपये, पॉवर सप्लाय वेगळा.

त्या आठवड्यात मी जे प्रयोग केले ते कोणत्याही रुग्णाच्या नातेवाइकाला ओळखीचे वाटतील. चित्राचा दर्जा अगदी खाली आणला, सावल्या काढून टाकल्या, लहान चित्र रंगवून ते मोठे करून दाखवणारे डीएलएसएस चालू केले, तरी फ्रेम चाळीसच. मग चिडून सगळे वर नेले, डबक्यातल्या पाण्यात निऑनच्या पाट्यांची प्रतिबिंबे लखलखू लागली, आणि तरीही फ्रेम चाळीसच राहिल्या. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे लावून पाहिले तेव्हा प्रोसेसर शंभर टक्के राबत होता आणि नवे कोरे कार्ड पन्नास टक्क्यांवर, पंखे फिरवत, आरामात बसलेले होते.

कार्ड सदोष असावे अशा आशेने मी खोके घेऊन दुकानात गेलो. गल्ल्यावरच्या मुलाने मान वर न करता विचारले, “काका, प्रोसेसर कुठला?” (काका. मी त्याच्याहून फार तर पंधरा वर्षांनी मोठा असेन.) मी सांगितले. त्यावर त्याने आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, “अरे, फोर्थ जनरेशन आलंय बघ!” आणि आतून खरोखरच दोघे जण बाहेर येऊन, उत्खननात सापडलेल्या वस्तूकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहू लागले. मग त्याने ‘बॉटलनेक’ (एका सावकाश भागापायी बाकीचे खोळंबणे) हा शब्द तीनदा उच्चारला, सील फोडलेला माल परत घेत नाही असे सांगितले, आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

इथे स्टुलावर बसलेले आजोबा बोलले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेने, मांडीवर नातवाचा बिघडलेला माऊस आणि त्याची पावती पारदर्शक पिशवीत. “मी एसटीत कंट्रोलर होतो, बत्तीस वर्षं,” ते म्हणाले. “तुमचं नेमकं काय अडलंय?”

खरे तर मी ‘काही नाही’ म्हणायला हवे होते. पण दुकानात माझ्याशी बोलणारे तेवढेच एक होते, म्हणून मी सांगत गेलो. खेळातल्या प्रत्येक क्षणी कोणती मोटार कुठे पोहोचली, कोणता माणूस कुठे वळला, कोणती गोळी कोणाला लागली, हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो, आणि त्यानंतर काय काय रंगवायचे याची यादी कार्डाकडे देतो. कार्ड ते चित्र रंगवते. सेकंदाला साठ चित्रे हवी असतील तर प्रत्येकाला जेमतेम १६.६७ मिलिसेकंद मिळतात. माझा प्रोसेसर एकेका यादीला पंचवीस घेतो.

“म्हणजे कार्ड ही गाडी,” आजोबा म्हणाले, “आणि प्रोसेसर म्हणजे माझी खिडकी.”

“तसं अगदी म्हणता येणार नाही,” मी म्हणालो.

“गाडी किती सीटांची?”

खोक्यावरचे नाव फोनवर शोधून मी सांगितले की तीन हजार पाचशे चौऱ्याऐंशी कोअर आहेत.

“आणि खिडकीवर माणसं किती?”

“चार.”

आजोबांनी दुकानातल्या सर्वांकडे, अगदी की-बोर्ड बघायला आलेल्या मुलीकडेसुद्धा, एकदा नजर फिरवली. “मग कशी पळेल हो?”

मी म्हणालो, “पण कार्ड नवीन आहे.”

“असेल की. एंट्री झाल्याशिवाय गाडी सुटत नाही. जुनी गाडी नुसती उभी राहायची. ही एसी लावून उभी राहते.”

त्यावर ती की-बोर्डवाली मुलगी हसली. माझे पन्नास टक्क्यांवर पंखे फिरवणारे कार्ड इतक्या नेमक्या शब्दांत मलाही सांगता आले नव्हते, आणि मी त्या विषयावर पाच रात्री वाचन केले होते. आता अडवायचे म्हणून मी विचारले की मग दर्जा कमी करूनही फरक का पडला नाही.

“पॅसेंजर कमी बसवले म्हणून खिडकीवरची एंट्री कमी होते का? गाडी हलकी होईल. सुटायची तेव्हाच सुटेल.”

“आणि दर्जा वाढवूनही वेग तेवढाच राहिला, त्याचं काय?”

“उभ्या गाडीला पडदे लावा, गाद्या घाला, पाण्याची बाटली द्या. वेळ आहेच की तिला.”

गल्ल्यावरच्या मुलाने हे ऐकले आणि आजोबांसाठी चहा मागवला. अठ्ठावीस हजारांचे कार्ड त्याच दुकानातून घेणाऱ्या माणसाला कोणी पाणीही विचारले नव्हते. चहा पिता पिता आजोबांनी मला वय विचारले, घरी कोण कोण असते ते विचारले, आणि मग आवाज खाली आणून, पण सर्वांना ऐकू जाईल इतपतच खाली आणून, “हे मोटारी पळवायचं मिसेसना माहीत आहे का?” असे विचारले.

चेष्टा बाजूला ठेवतो. मला खरा राग आजोबांचा नाही. किमान किती वॉटचा पॉवर सप्लाय हवा हे खोक्यावर छापता येते, किती पडदे जोडता येतील हेही छापता येते. मग निदान विकताना ‘तुमच्याकडे प्रोसेसर कोणता?’ हा तीन शब्दांचा प्रश्न विचारायला काय हरकत होती? तो प्रश्न याच मुलाने मला विचारला, पण सील फुटल्यानंतर. कोणती जोडी कितपत जुळते हे टक्क्यांत सांगणारी संकेतस्थळे आहेत, पण तो आकडाही फसवाच असतो, कारण शहर वसवण्याच्या खेळात प्रोसेसर आधी दमतो, चकचकीत खेळात मोठ्या पडद्यावर कार्ड आधी दमते, आणि एकच जोडी सोमवारी एका बाजूने लंगडते तर मंगळवारी दुसऱ्या.

बरे, प्रोसेसर बदलावा म्हटले तर तोही एकटा बदलत नाही. माझा एलजीए ११५० या सॉकेटात, म्हणजे मदरबोर्ड या मुख्य पट्टीवरच्या खोबणीत, बसतो. २०१५ मध्ये इंटेलने ११५१ आणले, म्हणजे मी संगणक जोडून घेतला त्याच वर्षी. मग २०१७ मध्ये सॉकेटाचे नाव ११५१ हेच ठेवून नवे प्रोसेसर जुन्या मदरबोर्डांवर चालणार नाहीत अशी सोय केली, ही तर मला भाड्याच्या घराचे कुलूप बदलून किल्ली तीच हातात ठेवण्यासारखी वाटते. २०२० मध्ये १२००, २०२१ मध्ये १७००, २०२४ मध्ये १८५१. इंटेलच्या प्रतिस्पर्धी एएमडीवाल्यांचे एएम फोर हे सॉकेट २०१७ च्या रायझन प्रोसेसरपासून २०२२ च्या रायझन ५८०० एक्स थ्रीडीच्याही पुढे टिकले, आणि त्यांच्यापैकी पुष्कळ जणांना बायोस (बोर्डातली मूळ प्रणाली) अद्ययावत करून जुन्याच बोर्डावर नवा प्रोसेसर बसवता आला. तसा बोर्ड असलेला माझा एक मित्र आहे. सध्या मी त्याचा फोन उचलत नाही. मला मात्र प्रोसेसरबरोबर बोर्ड घ्यावा लागेल, बोर्डाबरोबर रॅम, कारण डीडीआर थ्री आता कुठे बसत नाही, आणि हे सगळे घरात ‘एक जुना भाग’ या शब्दांत मावणार नाही.

निघताना गल्ल्यावरच्या मुलाने उपाय सुचवला. “काका, फोर-के मॉनिटर घ्या. बॅलन्स होईल.” हे ऐकून कोणाला थट्टा वाटेल, पण तांत्रिकदृष्ट्या त्यात चूक नाही. १९२० बाय १०८० च्या ऐवजी ३८४० बाय २१६० म्हणजे बरोबर चौपट पिक्सेल, आणि चौपट रंगकाम पडले की कार्डाला घाम फुटेल, प्रोसेसर निवांत होईल आणि फ्रेम चाळिसाच्याही खाली जातील. मग उशीर खिडकीमुळे होतो असे कोणाला म्हणता येणार नाही.

आजोबांनी मान डोलावली. “म्हणजे गाडीच घाटात घालायची. बरोबर आहे.”

मॉनिटर मी घेतला नाही. घरी येऊन खेळातली गर्दीची पातळी सर्वांत खाली आणली, तेव्हा प्रोसेसरला मोजायला माणसे कमी उरली आणि फ्रेम सेहेचाळीसपर्यंत चढल्या. आता त्या भविष्यातल्या महानगरात मी सर्वोच्च दर्जाच्या प्रतिबिंबांतून, जवळजवळ ओसाड रस्त्यांवरून मोटार पळवतो. परवा मुलगी पाणी प्यायला उठली, पडद्याकडे बघून “बाबा, इथले लोक कुठे गेले?” म्हणाली आणि उत्तराची वाट न पाहता झोपायला गेली.

आजोबांचा माऊस मात्र वॉरंटीत बदलून मिळाला. त्याचेही सील फोडलेले होते.