आयरिश नावांतली अक्षरं फुकटची नाहीत

'शिवॉन हे नाव एस-आय-ओ-बी-एच-ए-एन असं लिहितात, यात व कुठे आहे? आयरिश लोक मनाला येईल तसं स्पेलिंग करतात, अर्धी अक्षरं नुसती शोभेची,' असा मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. सोबत 'प्राचीन केल्टिक अर्थां'ची यादीही असते. दोन्ही चूक आहे.

व आहे तो बी-एचमध्ये. पारंपरिक आयरिश वर्णमालेत 18 अक्षरं; व्ही त्यांत नाहीच. म्हणून तो उच्चार बी किंवा एमपुढे एच लावून दाखवतात. हा एच म्हणजे आधीचं व्यंजन मऊ झाल्याची खूण. जुन्या गेलिक, म्हणजे आयरिश लिपीच्या, वळणात तिथे अक्षराच्या डोक्यावर टिंब असे. विसाव्या शतकात छपाई रोमन टाइपात गेली तेव्हा टिंबाच्या जागी एच पक्का झाला. एन-आय-ए-एम-एच 'नीव' होतं ते यामुळेच.

आणि सुरुवातीचा श? एसच्या शेजारी आय किंवा ई असेल तर श; ए, ओ, यू असेल तर स. 'सीर्शा' या एकाच नावात दोन्ही सापडतात: एस-ए-ओ-आय-आर-एस-ई. पहिल्या एसशेजारी ए, म्हणून स. दुसऱ्याशेजारी ई, म्हणून श. मराठी माणसाला हे अवघड जाऊ नये. आपणही घसा म्हणतो आणि घशात म्हणतो, पैसा आणि पैशाला. हे नियम इंग्रजीचे नाहीत एवढंच. इंग्रजीच्या फुटपट्टीने मोजलं की नाव वेडंवाकडं दिसतं.

स्वरावरची तिरकी रेघ, म्हणजे फादा, हीदेखील शोभेची नाही. ती स्वर दीर्घ करते. एस-ई-ए-एनमधल्या ए या अक्षरावर फादा असेल तर 'शॉन' हे नाव. नसेल तर 'शॅन', म्हणजे 'जुना' हे विशेषण. दिन आणि दीन यांत जेवढा फरक, तेवढाच इथे. ऑनलाइन फॉर्म ही रेघ गिळतात. सरकारी यंत्रणांनी ती नीट नोंदवावी अशी तरतूद आयर्लंडला 2021च्या अधिकृत भाषा (दुरुस्ती) कायद्यात करावी लागली.

एकाच नावाची अनेक स्पेलिंगं दिसतात हे मात्र खरं. पण तीही मनमानी नाही. 'मेव' घ्या: एम-ई-डी-बी हे जुन्या आयरिशमधलं, एम-ई-ए-डी-एच-बी-एच नंतरचं, फादा घेतलेलं एम-ई-ए-बी-एच आधुनिक आणि एम-ए-ई-व्ही-ई इंग्रजी वळणाचं. मधला मूक डी-एच विसाव्या शतकातल्या लेखनसुधारणेच्या धोरणानुसार गळाला. नावाचा अर्थ 'धुंद करणारी'. मधाच्या मद्याच्या शब्दाशी त्याचं नातं आहे, आणि तोच धागा आपल्या 'मधु'पर्यंत येतो.

अर्थांच्या यादीत सगळंच प्राचीन केल्टिक म्हणून खपवलेलं असतं. शिवॉन, शॉन, शिनेड ही तिन्ही 1169नंतर आलेल्या नॉर्मन लोकांच्या फ्रेंच नावांवरून घडली. मूळ हिब्रू, अर्थ 'ईश्वर कृपाळू आहे'. सीर्शा म्हणजे स्वातंत्र्य. साधा शब्द, नाव म्हणून रूढ झाला विसाव्या शतकात. 'ईफा म्हणजे ईव्ह' हे तर साफ चूक. बायबलमधल्या ईव्हचं आयरिश रूप 'एवा' वेगळंच आहे. आयर्लंडमधल्या लेन्स्टर प्रांताचा राजा डर्मट मॅकमरो याची मुलगी ईफा. 1170मध्ये वॉटरफर्डला तिचं स्ट्रॉंगबो या नॉर्मन सरदाराशी लग्न झालं. इंग्रजी लेखनात तिला 'इव्हा' केलं गेलं, आणि दोन नावांची सरमिसळ अशीच पसरली.

देवनागरीत लिहिताना 'सिओभान', 'नियाम' असं अक्षराला अक्षर जोडू नका, उच्चार लिहा. तोही बोलीनुसार बदलतो: सी-ए-ओ-आय-एम-एच-ई हे नाव कुठे 'कीवा', कुठे 'क्वीवा'. कोणता लिहायचा ते त्या व्यक्तीलाच विचारा.