चिंक्वे तेर्रे पाहायचे असेल तर डोंगर चढा

इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरील चिंक्वे तेर्रेची छायाचित्रे आता आपल्याकडेही घरोघर ओळखीची झाली आहेत. मोंतेरोस्सो, वेर्नात्झा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही ती पाच गावे. बहुतेक सहलींत ती एकाच दिवसात उरकली जातात. सकाळी जवळच्या ला स्पेत्सिया शहरातून रेल्वेगाडी पकडायची, प्रत्येक गावात तासभर उतरायचे, बंदरावर उभे राहून फोटो काढायचे आणि संध्याकाळी परत फिरायचे, असा तो क्रम असतो. या पद्धतीने तिथे जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. त्या गावांचे खरे वैभव घरांच्या वर, डोंगरउतारावर आहे आणि गाडीच्या वेळापत्रकात डोंगराला जागाच नसते.

हा किनारा जवळजवळ सरळ समुद्रात उतरतो. सपाट जमीन अशी नाहीच. म्हणून इथल्या लोकांनी सुमारे हजार वर्षे कडा फोडून, निघालेल्या दगडांच्या भिंती रचून आणि त्यांच्यामागे माती भरून द्राक्षांसाठी अरुंद पट्ट्या तयार केल्या. या भिंतींत चुना नाही, सिमेंट नाही. आपल्या कोकणात वाडीभोवती जांभ्याचे गडगे घालतात, तीच ही विद्या. फरक एवढाच की इथे त्या गडग्यांनी अख्खा डोंगर तोलून धरला आहे. युनेस्कोने 1997 साली या भागाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, ती माणसाने घडवलेल्या या संपूर्ण भूदृश्याला होती, केवळ रंगीत घरांना नव्हे. पुढे 2018 साली कोरड्या दगडी बांधकामाची कलाही इटलीसह आठ देशांच्या नावे युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या, म्हणजे कला-परंपरांच्या, यादीत आली.

मानारोलाहून वरच्या वोलास्त्रा या वस्तीकडे चढताना एक वयस्कर गृहस्थ ढासळलेली भिंत पुन्हा रचत असताना आम्ही बराच वेळ पाहत उभे होतो. ते एकेक दगड हातात घेऊन फिरवत, त्याची सपाट बाजू शोधत, हातोडीने एखादा टवका उडवत आणि मग तो किंचित डोंगराच्या बाजूला कलता बसवत. दर्शनी दगडांच्या मागे ते बारीक खडीची भर घालत होते, कारण पावसाचे पाणी त्या खडीतून आणि दगडांच्या फटींतून निघून जावे लागते. पाणी अडले की मातीचा भार वाढतो, भिंतीला पोट सुटते आणि एखाद्या पावसात ती खालच्या पट्टीवर कोसळते. म्हणून दरवर्षी झुडपे उपटणे आणि निसटलेले दगड पुन्हा बसवणे ही कामे चुकवता येत नाहीत. उतार इतका तीव्र आहे की यंत्र तिथे पोहोचत नाही. द्राक्षांच्या क्रेट वाहण्यासाठी एका रुळावरून सरकणारी छोटी मोटारगाडी काही ठिकाणी आहे, पण तोडणी हातांनीच आणि अनेक ठिकाणी बुटक्या मांडवांखाली वाकून करावी लागते.

एवढे कष्ट करायला आता माणसे उरलेली नाहीत. एकोणिसाव्या शतकात ला स्पेत्सियात नौदलाची मोठी गोदी उभी राहिली, रेल्वे आली, आणि गावातले तरुण पगाराच्या नोकरीकडे वळले. नंतर पर्यटन आले आणि खोल्या भाड्याने देणे शेतीपेक्षा कितीतरी सोपे ठरले. यात त्यांचा दोष मी मानत नाही. पण वर ओस पडलेल्या पट्ट्यांचा परिणाम खालच्या गावांना भोगावा लागतो. 25 ऑक्टोबर 2011 रोजी काही तासांच्या अतिवृष्टीत वेर्नात्झा आणि मोंतेरोस्सोवर डोंगरातून चिखल, दगड आणि झाडे यांचा लोंढा आला. वेर्नात्झाचा मुख्य रस्ता मुळात झाकलेल्या ओढ्यावर आहे. तो लोंढा त्याच रस्त्याने समुद्राकडे धावला, दुकाने आणि तळमजले गाडले गेले आणि माणसे दगावली. एवढा पाऊस कुठल्याही डोंगराला जड गेला असता हे खरे, तरीही पडीक, मोडक्या भिंतींच्या उतारांनी या हानीत भर घातली, असे जाणकार सांगतात आणि ते उतार डोळ्यांनी पाहिल्यावर मला ते पटले.

म्हणूनच आपण तिथे कसे जातो याला महत्त्व आहे. जुलै-ऑगस्टची गर्दी टाळून एप्रिल किंवा सप्टेंबरअखेरीस जावे आणि गावातच रात्रीचा मुक्काम करावा, म्हणजे आपला पैसा स्थानिक घरांत जातो. रिओमाज्जोरे ते मानारोला हा प्रसिद्ध कड्यावरचा रस्ता 2012 च्या दरडीनंतर बंद होता, तो 2024 साली पुन्हा उघडला. तो सुंदरच आहे, पण तेवढ्यावर थांबू नये. वोलास्त्राहून कोर्निल्याला जाणारी वरची वाट द्राक्षमळ्यांच्या मधून जाते, एका बाजूला हाताला लागेल अशी भिंत आणि दुसऱ्या बाजूला खोल खाली समुद्र असतो. पायांत पक्के बूट हवेतच, चपलेने तिथे चालणे धोक्याचे आहे. भिंतीवर बसू नये, तिच्यावरून उड्या मारू नयेत आणि फोटोसाठी मळ्यात तर मुळीच शिरू नये. एक दगड निसटला की शेजारचे सैल होतात.

जे वाइन घेतात त्यांनी इथली शाक्केत्रा अवश्य घ्यावी. बॉस्को, अल्बारोला आणि वेर्मेंतिनो या जातींची द्राक्षे सावलीत हवेशीर जागी आठवडेच्या आठवडे सुकवून मग गाळतात, त्यामुळे रस फार थोडा निघतो आणि ही गोड वाइन महाग असते. त्या छोट्या बाटलीची किंमत ऐकून अनेक जण ती परत ठेवतात. मला विचाराल तर चुंबक आणि टोप्यांवर होणारा खर्च वाचवून ती थेट उत्पादकाकडून घ्यावी, कारण त्या विक्रीतूनच पुढच्या हिवाळ्यात भिंत रचणाऱ्याची मजुरी निघते.