रिजेक्शनचा माल

रात्रीचे पावणेबारा झालेत, सकाळी सातला कारखान्याचं शेड उघडायचं आहे, आणि मी मोबाईलवर अंगठे बडवत बसलोय. कालपासून डोकं फिरलंय. बायको म्हणाली, कुणाला तरी फोन करून भांडा आणि झोपा. फोनवर मला भांडता येत नाही, म्हणून इथं.

काल 24 मे. अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनचा वाढदिवस. तिकडं शिलाँगला गायक लू माजाव 1972 पासून दरवर्षी हा दिवस गाणी गाऊन साजरा करतात. आमच्या बेळगावात आम्ही नऊ जण. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडं एका मित्राची गच्ची, दोन गिटारी, कुंद्याचा डबा आणि कधी कोसळेल सांगता येत नाही असा वळीव. नवातले दोघं कन्नड, एक कॅम्पातला ख्रिश्चन, बाकी आम्ही मराठी. दरवर्षी गातो, खातो, घरी जातो. यंदा कुणाला तरी अवदसा आठवली. म्हणे प्रत्येकानं चिठ्ठीवर डिलनची पाच बेस्ट आणि पाच वर्स्ट गाणी लिहायची.

बेस्टवर नेहमीचीच वादावादी. मास्तरांनी ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ एक नंबरला टाकलं आणि 1965 साली सहा मिनिटांचं गाणं रेडिओवर वाजवून घेणं ही काय चीज होती यावर वीस मिनिटं घेतली. मी ‘नॉट डार्क येट’ लिहिलं. छप्पन्नाव्या वर्षी माणूस असं लिहू शकतो हे मला पन्नाशी ओलांडल्यावर जास्त कळायला लागलंय. ‘ब्लोइंग इन द विंड’ एकाच्याही चिठ्ठीत नव्हतं. ते बरोबरच आहे. पसायदानाला कुणी नंबर देतं का?

मग वर्स्ट. नऊ चिठ्ठ्यांपैकी सातांवर एकच नाव: ‘विगल विगल’.

आमच्यातला सगळ्यात धाकटा, पुण्यातल्या कंपनीची नोकरी इथं घरात बसून करतो, त्यानं ते वाचून दाखवलं आणि माझ्याकडं बघून म्हणाला, ‘‘काका, तुमच्या भाषेत सांगायचं तर हे रिजेक्शन. सरळ भंगारात.’’ सगळे हसले.

मीही हसलो. राग त्याचाच आलाय.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. 1990 साली ‘अंडर द रेड स्काय’ नावाचा अल्बम आला, त्यातलं हे पहिलंच गाणं. शब्द म्हणजे काय, तर वळवळ, वळवळ, अशी वळवळ, तशी वळवळ. गिटारवर चक्क गन्स अँड रोझेस या रॉक बँडचा स्लॅश. वर्षभर आधी ‘ओह मर्सी’सारखा घट्ट अल्बम देणारा माणूस हे काय घेऊन आला म्हणून लोकांनी कपाळाला हात लावला. अल्बम ‘गॅबी गू गू’ला अर्पण केलेला, म्हणजे त्याच्या लहान मुलीला. तेव्हा फार थोड्यांनी ते लक्षात घेतलं.

आणि मी डिलनचं आयुष्यात ऐकलेलं पहिलं गाणं हेच. बेस्ट लिस्टमधलं एकही नाही. ‘विगल विगल’.

1992चा जानेवारी असेल. अनमोड घाटातून एसटीनं गोव्याला गेलो होतो, हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात एक गोरा जमिनीवर चादर पसरून स्वतःच्या चपला, चाकू, कॅसेट असं सगळं विकायला बसला होता. त्याला बहुतेक घरी जायला पैसे हवे होते. वीस रुपयांत कॅसेट दिली. वेष्टनाचा कागद गायब, डबीला तडा. नाव तेवढं मासिकात वाचलेलं. घरी येऊन रात्री टेपमध्ये घातली आणि वळवळ सुरू झाली.

आप्पा त्याच वेळी सेकंड शिफ्ट करून आले. उद्यमबागेत एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, साचे भरायचे ते. बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं काम, काळी वाळू. ती वाळू नखांत, भुवयांत, कानाच्या पाळीच्या मागं. मोरीत उकिडवं बसून नारळाच्या काथ्यानं हात घासायचे, तरी पाणी तिसऱ्या तांब्यापर्यंत काळंच जायचं. ते हात घासता घासता थांबले.

‘‘काय म्हणूलालाय रे हा?’’

मला शरम वाटली. इंग्रजी गाणी ऐकतो म्हणून मी घरात जरा शहाणा होतो, आणि आता काय सांगणार? म्हटलं, ‘‘वळवळ म्हणतोय, आप्पा.’’

‘‘कशाची वळवळ?’’

पुन्हा उलटी फिरवून लावली. शेवटी साप येतो त्यात. सांगितलं, सापाची.

आप्पा शहापुरातल्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. मान हलवली आणि म्हणाले, ‘‘मग भारूडच की रे हे. नाथांचा विंचू, ह्याचा साप.’’ आणि ओल्या बोटांनी तांब्यावर ठेका धरला. गाणं संपलं तर म्हणाले, परत लाव.

त्यानंतर वर्षभर आमच्या घरात डिलनचं नाव ‘वळवळवाला’ होतं. आईसुद्धा म्हणायची, तो वळवळवाला जरा बारीक कर, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही.

मला माहीत आहे आता कोण काय म्हणणार. नाथांच्या विंचवाला अर्थ आहे, तो कामक्रोधाचा विंचू आहे, त्याच्यावर उतारा आहे. डिलनच्या सापाला शेंडा ना बुडखा. बरं बाबा, मान्य. गाणं भिकार आहे. खूश?

पण भिकार आहे म्हणून भंगारात, हे कुठलं शास्त्र? ज्या पोरानं आयुष्यात फाउंड्रीचं फाटक ओलांडलं नाही त्यानं मला रिजेक्शन शिकवायचं! रिजेक्शनचा माल फाउंड्रीत कुणी नदीत टाकत नाही. ब्लोहोल, म्हणजे आत हवेचं भोक निघालेलं कास्टिंग फोडतात आणि परत भट्टीत टाकतात. नुसत्या नव्या पिगवर, म्हणजे कच्च्या लोखंडावर धंदा करायला गेलास तर तीन महिन्यांत शटर ओढशील. आजच्या चांगल्या कास्टिंगमध्ये कालच्या वाईटाचं लोखंड असतं.

साठ वर्षांहून जास्त लिहितोय हा माणूस. 1970ला ‘सेल्फ पोर्ट्रेट’ काढला, त्यावर ‘रोलिंग स्टोन’ मासिकात ग्रील मार्कसनं परीक्षणाची सुरुवातच शिवी घालून केली. पाच वर्षांत ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’ आला. तोही न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्ड होऊन तयार होता, यानं ऐन वेळी मिनियापोलिसला जाऊन अर्धी गाणी नव्यानं वाजवून घेतली. म्हणजे स्वतःच रिजेक्शन काढलं, स्वतःच परत ओतलं.

आणि दर वेळी त्याचा अंदाज बरोबर आला असंही नाही. 1983 साली ‘इन्फिडेल्स’ करताना त्यानं ‘ब्लाइंड विली मॅक्टेल’ रेकॉर्ड केलं आणि अल्बममध्ये घेतलंच नाही. चोरट्या टेपांवर ऐकून लोक वेडे झाले, रीतसर बाहेर यायला 1991 उजाडलं. काल तेच गाणं तीन चिठ्ठ्यांवर बेस्टमध्ये होतं! ज्यानं लिहिलं त्यानं भंगारात टाकलेलं. मग तुझ्या-माझ्या चिठ्ठीची काय किंमत, मला सांगा. यावर काल गच्चीवर कुणी बोललं नाही. मीही नाही, कारण हे सगळं मला घरी येताना स्कूटरवर सुचलं.

चिठ्ठ्यांचीच चीड आहे मला. शाळेत मार्क, कॉलेजला रँक, जेवायला गेलं की बिलाबरोबर ‘सर, फाइव्ह स्टार द्या’. गाणं तरी सोडा रे.

आणि दुसरी गोष्ट. या माणसाला नावं ठेवणं नवीन नाही. 25 जुलै 1965ला न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला तर हुर्यो उडाली. पुढच्या मे महिन्यात मँचेस्टरला कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतून एक जण ओरडला, ‘जुडास!’ म्हणजे फितूर. आपलं गाणं सोडून त्यांच्यात गेलास. हा शब्द आपल्याला शिकवायला नको. इथं मराठी माणसानं स्टेजवर एक कन्नड वचन गायलं की मागच्या रांगेतून कुजबूज सुरू होते, आणि तिकडं कन्नड माणसानं अभंग म्हटला तर त्यांच्यात. बोर्डांच्या भाषेवरून आपलं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, मी त्यात पडत नाही. मला माझी दुखणी आहेत, मीही मोर्चाला गेलोय. पण कुमार गंधर्व इथल्या सुळेभावीचे, घर कन्नड. भीमसेन गदगचे. त्यांच्या तोंडचा अभंग ऐकताना आप्पांनी कधी विचारलं नाही की हा कुणाकडचा. त्या माणसाला इंग्रजीत ‘यस’ आणि ‘नो’ सोडून तिसरा शब्द येत नव्हता आणि त्यानं मिनेसोटाच्या वळवळवाल्याला तांब्यावर साथ केली.

या पोरासारखंच एकदा मीही आप्पांना म्हटलं होतं. पुढं कॉलेजात मी पक्का डिलनवाला झालो, जुने अल्बम मिळवले, आणि मग अर्थातच ‘विगल विगल’ची लाज वाटायला लागली. आप्पांना म्हटलं, ते गाणं टुकार आहे, आता लावायला सांगू नका. आप्पा म्हणाले, ‘‘गाथेत साडेचार हजारांवर अभंग हाईत. सगळे कोण म्हणतंय? म्हणून नको ती पानं फाडतो काय?’’

मी तेव्हा उत्तर दिलं नाही. कॅसेट मात्र माळ्यावर गेली.

थांबा, पाणी पिऊन येतो.

हां. 27 मार्च 2020. लॉकडाऊन लागून दोन-तीन दिवस झाले होते. आप्पांना अर्धांगवायू होऊन वर्ष होत आलेलं, खाटेवरच. बाहेर कुत्रंही भुंकत नव्हतं. डिलननं अचानक ‘मर्डर मोस्ट फाउल’ सोडलं, जवळजवळ सतरा मिनिटांचं, केनेडींच्या खुनावर. मी रात्री त्यांच्या खोलीत मोबाईलवर लावलं, आवाज बारीक ठेवून. त्यात शेवटी शेवटी तो नुसती फर्माईश करत जातो. याचं लाव, त्याचं लाव. एकामागून एक नावं.

आप्पा जागे होते. जीभ जड झाली होती, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा यायचा. ‘‘कोण?’’

‘‘तोच, आप्पा. वळवळवाला.’’

‘‘हाय व्हय अजून!’’ मग बराच वेळ ऐकत राहिले. ‘‘नावं घेऊलालाय.’’

म्हटलं, हो, गवयांची नावं आहेत.

त्यांचा डावा हात चांगला होता. त्याची बोटं खाटेच्या लोखंडी दांडीवर हलायला लागली. त्या गाण्याला ठेका असा नाहीच, पियानो नुसता तरंगत असतो. तरी त्यांनी शोधला. पुढच्या पावसाळ्याआधी गेले.

आता एवढं टाइप केल्यावर त्या पोराचा राग तितकासा राहिला नाही. त्याचं काय चुकलं? त्याला ते गाणं फोनवर, यादीत सातशेव्या नंबरावर भेटलं. त्याच्या घरात तांब्या नव्हता. आणि खरं सांगायचं तर ‘डाउन इन द ग्रूव्ह’ हा अल्बम मीही अर्ध्यात बंद केलाय, ख्रिसमसची गाणी 2009 साली काढली त्यांवर कॅम्पातला मित्र सोडून कुणाची माया नाही, आणि हल्लीच्या कार्यक्रमांच्या क्लिपा बघितल्या तर निम्मं गाणं होईपर्यंत कुठलं चालू आहे ते कळत नाही. एवढं मी देतो. याच्या वर नाही देणार.

पण बाळा, पुढच्या 24 मेला चिठ्ठी काढलीस तर मी माझ्या वाटणीचा कुंदा घेऊन घरी जाणार. गिटार तूच चांगली वाजवतोस, आणि ‘गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री’ काल तू ज्या पद्धतीनं घेतलंस ते मी कुणाला बोललो नाही, पण जिन्यावरून उतरताना मास्तरांचे डोळे ओले होते. माझे नव्हते. धूळ होती.

एडिट: माळ्यावरून कॅसेट काढली. दोन जागी फीत चुरगळली आहे, पेन्सिल घालून घट्ट केली. आप्पांचा टेपही आहे, पण बेल्ट वितळून चाकाला चिकटलाय. कुणाच्या घरी जुन्या टेपचा चालू बेल्ट असेल, किंवा खडेबाजारात अजून कुठं मिळत असेल, तर इनबॉक्समध्ये सांगा. रविवारी गच्ची मोकळी आहे, तांब्या मी आणतो.